पुण्यतिथी, उरूस आणि फेस्त

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

नागपूरचा माणूस पत्ता सांगताना रोज एखाद्या ख्रिस्ती संताचे नाव घेतो आणि ते त्याच्या गावीही नसते. सदरमध्ये ‘एस.एफ.एस. शाळेजवळ’ एवढे ऑटोवाल्याला सांगितले की पुरते. एस.एफ.एस. म्हणजे सेंट फ्रान्सिस डि सेल्स, हे दहांतले दोघे-तिघे सांगतील. पण हा गृहस्थ कोण, कुठला, त्याचा नागपूरशी काय संबंध, असे विचारले की मंडळी एकमेकांकडे पाहू लागतात. सेमिनरी हिल्सचेही तसेच. सकाळी फिरायला आपण सगळे जातो. टेकडीला हे नाव मिळाले ते तिथल्या सेंट चार्ल्स सेमिनरीमुळे. सेमिनरी म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारे विद्यालय. मग हे चार्ल्स कोण?

चार्ल्सची गोष्ट लहान आहे, ती आधी सांगतो. चार्ल्स बोरोमेओ हा इटलीतल्या मिलान शहराचा आर्चबिशप, म्हणजे महागुरुस्वामी. १५७६ साली मिलानमध्ये प्लेग आला. ज्यांना पळता येत होते ते श्रीमंत आणि अधिकारी शहर सोडून गेले. चार्ल्स राहिला. भुकेल्यांच्या अन्नासाठी त्याने कर्ज काढले, राजवाड्यातले पडदे उतरवून त्यांचे कपडे शिवून वाटले. लोक घरात कोंडलेले होते, तर त्यांना खिडकीतून प्रार्थना दिसावी म्हणून रस्त्यांच्या चौकात वेदी मांडल्या. २०२० साली आपणही खिडकीतूनच जग पाहिले, तेव्हा ही गोष्ट आता निराळी समजावून सांगायला नको. चार्ल्स ३ नोव्हेंबर १५८४ च्या रात्री वारला, त्याचा सण ४ नोव्हेंबरला असतो.

फ्रान्सिस डि सेल्स मात्र आम्हा लिहिणाऱ्यांचा माणूस. जन्म १५६७ चा, आज फ्रान्समध्ये असलेल्या साव्हॉय प्रांतातला. बापाने वकील व्हावे म्हणून पादुआला पाठवले, हा धर्मगुरू झाला. त्या काळी त्याच्या भागातला शाब्ले नावाचा मुलूख कॅल्व्हिनच्या पंथात गेलेला होता. तरुण फ्रान्सिस तिथे प्रवचनाला उभा राहिला तर ऐकायला कोणी येईना. लोक दारे लावून घेत. तेव्हा त्याने युक्ती केली. सांगायचे ते सोप्या भाषेत कागदावर लिहिले, त्याच्या प्रती काढल्या आणि त्या लोकांच्या बंद दारांखालून आत सरकवू लागला. आपला पेपरवाला रोज पहाटे दुसरे काय करतो? १९२३ साली पोप अकरावे पायस यांनी याच कारणाने त्याला लेखक आणि पत्रकारांचा आश्रयदाता संत ठरवले. तो बहिऱ्यांचाही संत मानला जातो. एका जन्मतः मूक-बधिर तरुणाला धर्म शिकवायला कोणी तयार नव्हते. बिशप असलेल्या फ्रान्सिसने स्वतः हातवाऱ्यांची खुणांची भाषा तयार करून त्याला शिकवले. मला लेखनाच्या गोष्टीपेक्षा ही गोष्ट मोठी वाटते. समोरच्याला आपली भाषा येत नाही म्हणून त्याला सोडून न देता आपणच त्याची भाषा शोधायची, हे काम कवीलाही नेहमी जमतेच असे नाही.

हा साव्हॉयचा संत नागपुरात आला तो त्याच्या नावाने १८३८ साली आनेसी गावात स्थापन झालेल्या मिशनरी संघाबरोबर. हे फ्रेंच धर्मगुरू १८४५ मध्ये भारतात आले, विशाखापट्टणमला त्यांनी ठाणे केले आणि तिथून मध्य भारतात पसरले. कामठीच्या छावणीतही ते पोचले. गोऱ्या पलटणीत आयरिश कॅथलिक शिपाई होतेच. १८८७ मध्ये नागपूरचे स्वतंत्र धर्मप्रांत झाले. इथल्या कॅथेड्रलला आणि शाळा-कॉलेजांना फ्रान्सिसचे नाव मिळाले ते असे. ज्या कामठीत १८६१ साली ताजुद्दीन बाबांचा जन्म झाला, तीच ही कामठी.

इथे एक गंमत लक्षात घ्या. नागपुरात हिस्लॉप कॉलेजही आहे. ते नाव स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांचे. १८६३ मध्ये पूर आलेल्या नदीत बुडून ते वारले. चांगला विद्वान माणूस, विदर्भाच्या भूगर्भाचा आणि गोंड लोकांचा अभ्यास करणारा. पण हिस्लॉपना कोणी ‘सेंट’ म्हणत नाही, त्यांचा सण नाही, त्यांच्या नावाने मेणबत्ती लागत नाही. कारण ते प्रोटेस्टंट. प्रोटेस्टंटांना संतांची ही मध्यस्थी मान्य नाही. माणूस आणि देव यांच्यामध्ये ख्रिस्ताखेरीज कोणी नको, असे ते म्हणतात. कॅथलिकांचे म्हणणे असे की आराधना एका देवाचीच, संतांची नाही. संताला फक्त विनंती करायची, ‘आमच्यासाठी प्रार्थना करा.’ जिवंत मित्राला आपण ‘माझ्यासाठी दुआ कर’ म्हणतो, तसे देवाजवळ गेलेल्या मित्राला म्हणायचे.

हा वाद मला ऐकल्यासारखा वाटतो, कारण तो आमच्या घराघरांत आहे. दर्ग्यावर जावे की जाऊ नये, वसीला म्हणजे मध्यस्थ धरावा की धरू नये, यावरून एका ताटात जेवणारे भाऊ तासन्‌तास भांडतात. एक म्हणतो थेट मागा, दुसरा म्हणतो बाबांच्या नावाने मागा. मी त्यात न्यायाधीश होणार नाही. पण चर्चमध्ये मेणबत्ती लावणाऱ्या बाईकडे पाहून ‘हे मूर्तिपूजक’ असे जो पटकन म्हणतो, त्याने ताजबागेत चादर घेऊन निघालेल्या आपल्याच आजीकडे एकदा पाहून घ्यावे, एवढे म्हणेन.

आता सणाच्या तारखेकडे येऊ. संताचा सण कोणत्या दिवशी? आपल्याला वाटेल जन्मदिवशी. तसे नाही. नेमाने तो मृत्यूच्या दिवशी असतो. दुसऱ्या शतकात, आज तुर्कस्तानात असलेल्या स्मर्ना म्हणजे इझमीर शहरात, पोलिकार्प नावाच्या वृद्ध बिशपला जिवंत जाळले. त्याच्या लोकांनी अस्थी गोळा केल्या आणि दरवर्षी त्या दिवशी थडग्यापाशी जमायचे ठरवले. त्या दिवसाला त्यांनी नाव दिले ते ‘जन्मदिवस’. माणूस मरतो त्या दिवशी तो देवाघरी जन्मतो, हा अर्थ. लॅटिनमध्ये या दिवसाला ‘दिएस नातालिस’ म्हणतात. याच ‘नातालिस’चे पोर्तुगिजांच्या तोंडी ‘नाताल’ झाले आणि आपल्याकडे ‘नाताळ’. म्हणजे येशूच्या जन्माचा शब्द आणि संतांच्या मरणाचा शब्द मुळात एकच.

उरूस हा शब्दही असाच. अरबीत ‘उर्स’ म्हणजे लग्न. वली जातो त्या दिवशी त्याची आणि परमेश्वराची भेट होते, म्हणून ती शोकाची नव्हे, वरातीची वेळ; म्हणून संदल, म्हणून कव्वाली. ताजुद्दीन बाबा १७ ऑगस्ट १९२५ ला गेले, पण उरूस १७ ऑगस्टला नसतो, मोहरमच्या २६ तारखेला असतो आणि चांद्रवर्षामुळे तो दरसाल दहा-अकरा दिवस मागे सरकत राहतो. पुण्यतिथीही तिथीनेच पाळतात. कॅथलिकांची तारीख सूर्याच्या वर्षाने चालते, त्यामुळे ती दरसाल तीच.

तीच म्हणजे अगदी तीच असे मात्र नाही, तिथेही खटपट असते. फ्रान्सिस डि सेल्स वारले २८ डिसेंबर १६२२ ला. पण २८ डिसेंबरला हेरोद राजाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा स्मृतिदिन आधीपासून होता, शिवाय नाताळचा आठवडा. मग त्यांचा सण बरीच वर्षे २९ जानेवारीला होता आणि १९६९ च्या दिनदर्शिका-सुधारणेनंतर तो २४ जानेवारीला आला. त्या तारखेला आनेसीत त्यांचे दफन झाले होते. पोप दरवर्षी प्रसारमाध्यमांविषयी संदेश देतात तोही याच दिवशी प्रसिद्ध होतो. आणि माध्यमांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. रेडिओ आणि दूरसंचाराचाही एक आश्रयदाता आहे, १९५१ मध्ये पोप बारावे पायस यांनी ठरवलेला. तो माणूस नव्हे, देवदूत गॅब्रिएल. आम्ही त्याला जिब्रील म्हणतो. पैगंबरांकडे वही घेऊन येणारा तोच. तार नाही, खांब नाही आणि निरोप बरोबर ठिकाणी. रेडिओसाठी याहून योग्य निवड मला सुचत नाही.

मृत्युदिनाच्या नियमाला अपवाद थोडे. येशूचा स्वतःचा जन्म सोडला तर दोनच जन्मदिवस चर्च सण म्हणून पाळते: एक मरियेचा, ८ सप्टेंबर, दुसरा बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचा, २४ जून. आणि गंमत अशी की आपल्या पश्चिम किनाऱ्यावर सर्वांत जास्त गाजणाऱ्या सणांत हे दोन्ही अपवाद आहेत. बांद्र्याच्या टेकडीवरची माउंट मेरीची जत्रा ८ सप्टेंबरच्या आसपास आठवडाभर चालते. कोळी लोक तिला ‘मोत माउली’ म्हणतात. तिथे मेणाचे हात, पाय, घरे, बाळे विकत मिळतात. ज्याला जे हवे, जे दुखते, ते त्याने वाहायचे. रांगेत हिंदू असतात, पारशी असतात, बुरख्यातल्या बायाही असतात. हजरत मरियमच्या नावाची सूरा कुराणात आहे, तेव्हा त्या बायांना ती परकी वाटत नाही. योहान, आमचे हजरत याह्या, यांचा दिवस गोव्यात ‘सांजांव’. डोक्यावर पानाफुलांचे मुकुट घालून पोरे भर पावसात विहिरीत उड्या मारतात. गर्भवती मरिया योहानाच्या आईला भेटायला गेली तेव्हा पोटातल्या बाळाने आनंदाने उडी मारली, अशी शुभवर्तमानातली कथा आहे. ती उडी विहिरीत पोचली आहे. गोव्यात अशा सणाला ‘फेस्त’ म्हणतात. त्याआधी नऊ दिवस प्रार्थना चालते, तिला ‘नोव्हेना’ म्हणतात. नवरात्रातला नऊचा आकडा इथेही आहे.

आता ज्याच्यासाठी हे सगळे सांगायला घेतले तो माणूस. वसई म्हटले की आपल्याला १७३९ आणि चिमाजीअप्पा आठवतात. त्याच वसईत त्याच्या पावणेदोनशे-एकशेऐंशी वर्षे आधी, १५५६-५७ च्या सुमारास, गोन्सालो गार्सिया जन्मला. बाप पोर्तुगीज शिपाई, आई इथली. किल्ल्यातल्या जेझुइटांच्या शाळेत शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला. जपानी भाषा त्याने अशी उचलली की पोरेसोरे त्याच्याभोवती जमत. त्याला जेझुइट व्हायचे होते. वर्षानुवर्षे सेवा केली, पण प्रवेश मिळाला नाही. तो निघाला, व्यापारी झाला, व्यापारात चांगला पैसा कमावला. पण मन लागेना. मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कन संघाने त्याला घेतले. धर्मगुरू म्हणून नव्हे, साधा ब्रदर म्हणून.

१५९३ मध्ये फिलिपाइन्सच्या स्पॅनिश गव्हर्नरने जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्याकडे धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता यांना दूत म्हणून पाठवले. बरोबर दुभाषा हवा होता. वसईचा गोन्सालो दुभाषा झाला. हिदेयोशीच्या दरबारात स्पेनची बाजू जपानीत मांडणारा तोंडी आवाज एका अपरान्ती आईच्या मुलाचा होता, ही गोष्ट आपल्या शाळेच्या पुस्तकात कधी आली नाही. पुढे तीन वर्षे क्योटोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये चालवली.

१५९६ च्या अखेरीस ‘सान फेलिपे’ नावाचे मालाने भरलेले स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्याला फुटले. माल जप्त झाला. आधी मिशनरी येतात आणि मागून सैन्य, असे जहाजावरच्या कोणीतरी बोलून गेल्याचे सांगतात. हिदेयोशीचा संशय आधीचाच होता, १५८७ मध्ये त्याने मिशनऱ्यांना देश सोडायचा हुकूम दिलेलाच होता. आता पकडापकड झाली. क्योटोत कैद्यांचे डावे कान कापले, गाडीतून धिंड काढली आणि ऐन हिवाळ्यात महिनाभर चालवत नागासाकीला नेले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी तिथल्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर बांधून भाले खुपसले. सहा फ्रान्सिस्कन, तीन जपानी जेझुइट, सतरा साधे जपानी गृहस्थ आणि मुले. सर्वांत धाकटा बारा वर्षांचा. गोन्सालो तेव्हा चाळिशीचा होता. ज्या संघाने त्याला घेतले नव्हते त्या जेझुइटांचे तिघे त्याच्याच रांगेत मेले.

अशा मरणाला इंग्रजीत जो शब्द आहे तो मूळ ग्रीक, ‘मार्तीर’, आणि त्याचा अर्थ ‘साक्षीदार’. मराठी ख्रिस्ती मंडळी ‘रक्तसाक्षी’ म्हणतात. आमचा ‘शहीद’ शब्द ज्या धातूपासून आला त्याचा अर्थही साक्ष देणे. शब्द तीन भाषांतले आणि अर्थ एकच. ‘हुतात्मा’ची प्रतिमा वेगळी, तिथे यज्ञ आहे. इथे कोर्ट आहे. माणूस स्वतःचे प्राण पुराव्यादाखल मांडतो.

गोन्सालोचा सण ५ ला नसून ६ फेब्रुवारीला, कारण ५ तारीख सिसिलीच्या संत आगाथाची. १६२७ साली त्याला ‘धन्य’ ठरवले आणि ‘संत’ व्हायला १८६२ उजाडले. मरणानंतर २६५ वर्षे. उलट पादुआचा संत अँथनी १३ जून १२३१ ला वारला आणि वर्ष पुरे व्हायच्या आत संत झाला. भारतात जन्मून संतपदाला पोचलेला पहिला माणूस वसईचा. तिथे त्याच्या नावाचे महाविद्यालय आहे, गास गावात चर्च आहे, किल्ल्यातले एक पडके चर्चही त्याच्या नावाने ओळखले जाते. वसईबाहेरच्या मराठी माणसाला मात्र तो ठाऊक नाही.

संतपदाची रीत कोर्टकचेरीसारखीच आहे. आधी बिशप चौकशी सुरू करतो, तेव्हा ती व्यक्ती ‘देवाची सेवक’. मग जीवन तपासून ‘पूज्य’, मग ‘धन्य’, मग ‘संत’. धन्य होण्यासाठी एक आणि संत होण्यासाठी आणखी एक चमत्कार सिद्ध व्हावा लागतो, डॉक्टरांकडून तपासून. रक्तसाक्ष्याला पहिल्या चमत्काराची सूट. पूर्वी विरुद्ध बाजू मांडायला खास अधिकारी नेमलेला असे, त्याला लोक ‘सैतानाचा वकील’ म्हणत; १९८३ मध्ये ती पद्धत जवळजवळ संपवली. मला विचाराल तर तो वकील ठेवायला हवा होता.

आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशातले उदाहरण देतो. सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळच्या. देवास जिल्ह्यातल्या आदिवासींना सावकारांच्या कर्जातून सोडवण्याचे काम करत होत्या. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी चालत्या बसमध्ये त्यांना भोसकून मारले. मारेकऱ्याला जन्मठेप झाली. सिस्टरच्या सख्ख्या बहिणीने, त्याही सिस्टरच, तुरुंगात जाऊन त्याला राखी बांधली. सुटल्यावर तो त्यांच्या घरी गेला, आईवडिलांनी त्याला मुलगा म्हणून जवळ घेतले. २०१७ मध्ये इंदूरला सिस्टर ‘धन्य’ झाल्या.

गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरविषयी बहुतेकांना माहीत असते, म्हणून थोडक्यात सांगतो. १५४२ ला गोव्यात, १५५२ च्या ३ डिसेंबरला चीनच्या दारातल्या बेटावर मृत्यू, शव जुन्या गोव्यात, दर दहा वर्षांनी दर्शन. ताजे २०२४ च्या नोव्हेंबरपासून जानेवारी २०२५ पर्यंत. लोक त्याला ‘गोंयचो सायब’ म्हणतात आणि त्यात सगळ्या धर्मांचे लोक येतात. पण याच झेवियरने १५४६ मध्ये पोर्तुगालच्या राजाला पत्र लिहून गोव्यात इन्क्विझिशन मागवले होते, हेही खरे. ते १५६० मध्ये त्याच्या मृत्यूनंतर आले आणि अधेमधे थोडा खंड पडून १८१२ पर्यंत चालले, त्याने अनेकांचे हाल केले. भक्ताने हे लपवू नये आणि टीकाकाराने रोग्यांच्या खाटेशी बसलेला झेवियर लपवू नये. त्याच गोव्याच्या मातीतला जुझे वाझ मला अधिक जवळचा वाटतो. १६५१ साली बाणावलीला जन्मलेला हा धर्मगुरू श्रीलंकेत मजुराच्या वेषात शिरला, कारण तिथल्या डच प्रोटेस्टंटांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. कँडीच्या बौद्ध राजाने आधी हेर समजून कैदेत टाकले, मग आश्रय दिला. देवीची साथ आली तेव्हा वाझने रोग्यांची सेवा केली. १६ जानेवारी १७११ ला तो वारला, २०१५ मध्ये संत झाला. कॅथलिक धर्मगुरूला प्रोटेस्टंटांपासून बौद्ध राजाने वाचवले, ही कथा जितक्या जणांना सांगावी तितकी थोडी.

शेवटी आमच्या धंद्याचे. या संतांची चरित्रे मराठीत चारशे वर्षांपासून आहेत, ती आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात एका परिच्छेदात उरकतात. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे क्रिस्तपुराण १६१६ चे, दहा हजारांवर ओव्यांचे. नवख्रिस्ती झालेल्या लोकांना जुन्या पुराणांची आठवण येई, ऐकायला काही उरले नाही अशी त्यांची तक्रार होती, त्यातून ते घडले, असे त्या ग्रंथातच आहे. धर्म बदलला तरी कानाची भूक बदलली नव्हती. मग एतिएन द ला क्रुआ या फ्रेंच माणसाने संत पीटरवर मराठी ओवीबद्ध पुराण रचले, १६२९ ते १६३४ मध्ये ते गोव्यात छापले गेले. आंतोनियु द साल्दान्य याने १६५५ मध्ये पादुआच्या अँथनीची ‘सांतु आंतोनीची जीवित्वकथा’ दिली, तिच्यात मराठी आणि कोकणी दोन्ही आहेत. अ. का. प्रियोळकरांनी ती संपादून पुन्हा मराठी वाचकांपुढे आणली.

यातले एकही पुस्तक तेव्हा देवनागरीत छापले गेले नाही. गोव्यातल्या छापखान्यांकडे आपल्या अक्षरांचे खिळेच नव्हते, म्हणून ओव्या रोमन अक्षरांत, पोर्तुगीज उच्चारांच्या वळणाने छापल्या. ते पान समोर धरले तर पहिल्यांदा काहीच कळत नाही, कुठल्या परक्या भाषेतले वाटते. डोळ्यांनी वाचून उपयोग नाही. एकेक अक्षर जोडत मोठ्याने म्हणावे लागते, आणि तिसऱ्या-चौथ्या चरणाला एकदम ओवीचा ठेका लागतो.